गाणारा मी, वाजवणारा मी, निवडणारे मात्र सगळे

स्वतःच पियानो वाजवत स्वतःच गाणाऱ्या माणसाकडे समाजानं आजवर जे दुर्लक्ष केलं आहे, त्याची कुठेतरी लेखी नोंद व्हायला हवी. गवयाच्या साथीला तबलजी असतो, पेटीवाला असतो, मागे तंबोऱ्यावर शिष्य असतात. भजनात बुवांचा श्वास संपला तर टाळकरी ओळ उचलून धरतात. ऑर्केस्ट्रात गायकाला घोटभर पाणी प्यायला मधला म्युझिक पीस मिळतो. आमच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. गळा एक, हात दोन आणि समोर खोलीभर माणसं. आणि तरीही या सगळ्यात ज्याच्यावर कसलीच जबाबदारी नाही, तोच माणूस गाणं कुठलं म्हणायचं ते ठरवतो. चहा घ्या, सविस्तर सांगतो. तुमच्या घरी भिंतीला टेकून एखादा कीबोर्ड उभा असेल, तर हे गाऱ्हाणं तुमचंही आहे.

सुरुवात "काहीही म्हण, तुला आवडेल ते" या वाक्यानं होते. या वाक्यावर विश्वास ठेवू नका. आपण पहिली कॉर्ड धरतो, चार मात्रा जातात न जातात तोच सोफ्यावरून आवाज येतो, "हे नको रे, फार संथ आहे." मग काका जुन्यातलं मागतात, पुतणी परवाच आलेलं मागते, वहिनींना लताबाईंचं हवं असतं, आणि स्वतः कधीही न गाणारे शेजारी कव्वाली सुचवतात. कव्वालीला टाळ्यांचा ठेका लागतो, मागून ओळ झेलणारे चार गळे लागतात, ते आणायचे कुठून, याचा खुलासा कोणी करत नाही. प्रत्येक अर्जदाराला आपली मागणी रास्त वाटते. कारण ते गाणं त्यानं रेडिओवर ऐकलेलं असतं, आणि रेडिओवर कुठलंही गाणं सोपंच वाटतं.

आता पहिला मुद्दा, पट्टीचा. बायकांचा आवाज साधारण काळी चार-काळी पाचच्या आसपास खुलतो, पुरुषांचा पांढरी एक ते काळी दोनच्या दरम्यान. म्हणजे लताबाईंचं काळी चारमधलं गाणं पुरुषाला म्हणायचं असेल, तर ते काळी एकवर उतरवावं लागतं. पेटीवर हे सोपं आहे. स्केलचेंजर पेटी असेल तर अख्खी पट्ट्यांची फळी बाजूला सरकवायची, बोटं होती तिथेच राहतात. पियानोत ही सोय नाही. पांढरी एकमध्ये शुद्ध सप्तकाचे सातही सूर पांढऱ्या पट्ट्यांवर बसतात. त्याच्या फक्त अर्धा सूर वर, काळी एकमध्ये, पाच काळ्या आणि दोन पांढऱ्या पट्ट्या लागतात. गळ्याला फरक जाणवतही नाही, पण बोटांना रोजच्या जिन्याची एक पायरी कोणीतरी रातोरात उंच केल्यासारखं होतं. इतकं सगळं करून गाणं बसवावं, तर ऐकणारा म्हणतो, "ओरिजिनल स्केलमध्ये घे ना." ओरिजिनल स्केल म्हणजे ज्या बाईंनी ते गायलं त्यांच्या गळ्याचं स्केल. ते दुसऱ्याच्या गळ्यावर सक्तीनं लागू करण्याचा अधिकार या माणसाला कोणी दिला?

जगात या अन्यायावर उपाय शोधला गेलेला आहे, हे मुद्दाम सांगतो. अमेरिकेत अर्व्हिंग बर्लिन नावाचे गीतकार-संगीतकार होऊन गेले. 'व्हाइट ख्रिसमस' त्यांचंच. त्यांना एफ शार्प, म्हणजे आपली काळी तीन, याच पट्टीत वाजवण्याची सवय होती. म्हणून त्यांनी एक खास पियानो घेतला. त्याला एक खटका होता. खटका सरकवला की बोटं काळी तीनमध्येच वाजवायची आणि आवाज हव्या त्या पट्टीत निघायचा. त्यांचा असा एक पियानो अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. आपल्याकडे डिजिटल पियानोवर हेच काम ट्रान्स्पोजचं बटण करतं. पण ते दाबलेलं दिसलं, की घरातला जो माणूस आयुष्यात कधी सा लावायला बसलेला नाही, तो म्हणतो, "ही तर चीटिंग झाली." बर्लिन यांना संग्रहालय, आणि आम्हाला चीटिंगचा आरोप.

दुसरा मुद्दा अंतऱ्याचा. लोकांना गाणं आठवतं ते मुखड्यानं, आणि मुखडा बहुतेक वेळा मधल्या सप्तकात सुखानं फिरत असतो. तेवढ्यावरून पट्टी ठरवली की पुढे घात होतो, कारण अंतरा चढतो. तो तार षड्जावर जातो, तिथे थांबला तर ठीक, पण पुष्कळ गाण्यांत पुढे तार गंधारही गाठतो. मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंत जाणारं गाणं म्हणजे पावणेदोन सप्तकांचा पल्ला. वरचा सूर लागेल अशी पट्टी धरली तर खालच्या ओळी ऐकूच येत नाहीत, खालच्या ओळी ऐकू येतील अशी धरली तर अंतऱ्यात मान ताठ होते. म्हणून गाणं निवडायची रीत उलटी असायला हवी. आधी अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर गाऊन बघावा, तो सुखानं लागेल ती पट्टी धरावी, आणि त्या पट्टीत मुखड्याची शेवटची ओळ पोकळ होत नाही ना, हे तपासावं. या तपासणीत जे गाणं नापास होतं ते कितीही लाडकं असलं तरी सोडून द्यावं. ही तपासणी मी दर गाण्याची करतो. फर्माइश करणारा ती एकाही गाण्याची करत नाही.

या सगळ्या गैरसमजांचं मूळ हिंदी सिनेमात आहे, असं मी जबाबदारीनं म्हणतो. 1949 च्या 'अंदाज'मध्ये दिलीपकुमार पियानोवर बसले. 1963 च्या 'गुमराह'मध्ये सुनील दत्त बसले, 1964 च्या 'संगम'मध्ये राज कपूर आणि 1968 च्या 'ब्रह्मचारी'मध्ये शम्मी कपूर. दिवाणखान्याच्या मधोमध पियानो, भोवती पाहुणे, नायिका समोर उभी आणि नायक तिच्याकडे बघत गातो आहे. बोटांकडे त्याची नजर जात नाही. पट्टी कुठली, असं त्याला कोणी विचारत नाही. शब्दांचा कागद समोर नाही. विचारेल कोण आणि कशासाठी? गळा मुकेश, महेंद्र कपूर किंवा रफींचा, पियानो स्टुडिओत बसलेल्या वेगळ्याच वादकाचा, आणि मागे व्हायोलिनांचा ताफा. तो ताफा कॅमेऱ्यात येत नाही. त्या वाद्यवृंदात स्टाफ नोटेशन वाचून वाजवणारे गोव्याचे कितीतरी वादक होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन वर्षानुवर्षं गोव्याच्याच सेबॅस्टियन डिसूझा यांनी केलं. एवढ्या मोठ्या माणसांनी मिळून जे उभं केलं, ते पडद्यावर एकटा माणूस सहज करताना दाखवलं गेलं. प्रेक्षकांनी ते खरं मानलं. त्या एका गैरसमजाची वसुली आजही कोजागरीच्या गच्चीवर आमच्याकडून होते.

त्या व्हायोलिनांमुळे तिसरा प्रश्न येतो, म्युझिक पीसचा. कित्येक गाण्यांत लोकांच्या लक्षात राहिलेली चीज गाण्याच्या ओळीत नसून दोन कडव्यांच्या मध्ये असते. बासरीची एक लकेर, गिटारची एक ओळ, माउथ ऑर्गनचा तुकडा. ती पियानोवर वाजवली तर ती ती राहत नाही. गाळली तर संपूर्ण खोली एकमुखानं "टँ टॅडॅ टँ टॅडॅ" म्हणून ती भरून काढते, आणि भरून काढताना लय इतकी पळवते की दुसरा अंतरा धावतच पकडावा लागतो. शिवाय हा तुकडा वाजवताना गाणाऱ्याला श्वास घेता येत नाही, हेही लक्षात घ्या. गळा थांबला की हातांचं काम वाढतं, हातांचं काम हलकं झालं की गळ्याचं वाढतं. विश्रांतीची तरतूद कुठेच केलेली नाही.

डाव्या हाताची कैफियत तर कोणी ऐकूनच घेत नाही. पेटीवर डावा हात भाता ओढतो, उजवा हात गळ्याच्या मागे मागे चाल वाजवतो, आणि तबला दुसरा कोणी सांभाळतो. पियानोवर डाव्या हाताला ठेकाही धरायचा असतो आणि कॉर्डही. दादरा असेल तर सहा मात्रांत पहिल्या आणि चौथ्या मात्रेला खालचा सूर, मध्ये दोन-दोन हलक्या कॉर्ड, इतकं जमून जातं. केरवा आला की आठ मात्रांत तबल्याचं वजन आणायचं, आणि त्याच वेळी कॉर्ड रागाला धक्का लावणार नाही हेही बघायचं. 1952 च्या 'बैजू बावरा'तलं नौशादांचं मालकंसातलं भजन घ्या. दर बैठकीत त्याची मागणी होते. मालकंसात रिषभ आणि पंचम वर्ज्य. सवयीनं सा, कोमल गंधार, पंचम अशी कॉर्ड धरली, की वर्ज्य पंचम थेट बैठकीत येऊन बसतो. त्याऐवजी मध्यम, कोमल धैवत आणि वरचा सा हे तीन सूर धरले तर तिन्ही रागातलेच राहतात आणि भजन आपल्या जागी उभं राहतं. हा शोध घ्यायला संध्याकाळ जाते. ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया काय? "तबला असता तर मजा आली असती."

आणखी एक गोष्ट पियानोच्या जातीतच आहे. पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळते, आणि त्या क्षणापासून सूर विझायला लागतो. पेटीचा सूर भाता चालेल तोवर राहतो, गळ्याचा श्वास असेल तोवर राहतो, पियानोचा मात्र मधेच साथ सोडतो. त्यात मींड नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं ज्या गाण्याचा प्राण आहे, त्याला पियानो फक्त दोन टोकं देतो, मधली वाट गळ्यानं एकट्यानं चालायची. याच मींडेच्या मुद्द्यावरून ऑल इंडिया रेडिओनं 1940 साली पेटीला दार बंद केलं होतं, ते 1971 साली अंशतः उघडलं. पेटीची निदान रीतसर सुनावणी झाली. बाजू मांडणारे लोक होते, विरोध करणारे होते, वर्षानुवर्षं वाद झाला. पियानोवर गाणाऱ्याची बाजू ऐकायला कोणी समितीसुद्धा नेमली नाही.

आता साहित्याकडे येऊ. गाणं बसवायचं तर लिहिलेलं काहीतरी लागतं. मराठी-हिंदी गाण्यांच्या नोटेशनच्या वह्या मिळतात, त्यांत सा रे ग म असतं, कॉर्ड नसतात. इंटरनेटवर कॉर्ड मिळतात, पण त्या गिटारवाल्यांनी गिटारवाल्यांसाठी लिहिलेल्या असतात. वर एक ओळ असते, कॅपो दुसऱ्या फ्रेटवर. म्हणजे खाली लिहिलेलं जी आणि डी वाजवायचं, ऐकू येणार ए आणि ई. गिटारला कॅपो लावता येतो. पियानोला कुठे लावायचा? प्रत्येक कॉर्ड मनातल्या मनात एक पूर्ण सूर वर ढकलायची, तिथून पुन्हा आपल्या पट्टीत आणायची, आणि मग गायचं. गिटारवाल्यांबद्दल माझा आकस नाही. पण सर्वसामान्य गाण्याचा सगळा लेखी व्यवहार त्यांच्या सोयीनं चालावा आणि आमच्या वाट्याला रूपांतराचं काम यावं, ही वाटणी न्याय्य नाही.

शब्दांचंही तसंच. शब्द मोबाइलवर, मोबाइल पियानोच्या स्टँडवर. दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीला स्क्रीन आधी मंद होते, मग काळी पडते. दोन्ही हात कॉर्डमध्ये अडकलेले. एक हात उचलला तर ठेका सुटतो, नाही उचलला तर शब्द जातात. ठेका सांभाळत नाकानं स्क्रीनला स्पर्श करावा, तर आपलाच मोबाइल आपल्याला पासवर्ड विचारतो. गातानाच फोन आला तर शब्दांवर नाव झळकतं आणि घंटी कुठल्या तरी परक्या पट्टीत वाजते. छापील वहीला हा रोग नाही, पण वहीचं पान उलटायलाही हातच लागतो. ऑर्केस्ट्रातल्या पियानोवादकाशेजारी पान उलटायला माणूस बसलेला मी पाहिला आहे. घरगुती बैठकीत पंधरा माणसं रिकामी बसलेली असतात, त्यांतलं एकही उठत नाही.

आणि या सगळ्यात आपलं तोंड भिंतीकडे. पियानो जड, कीबोर्डची वायर तोकडी, त्यामुळे दोन्हींची जागा भिंतीलगत. गिटारवाला लोकांत बसतो, लोकांकडे बघून गातो, हसतो, ओळ कोणाला तरी उद्देशून म्हणतो. आम्ही कॅलेंडरला उद्देशून विरह गातो. पाठीमागे कोण रडतं आहे, कोण बाहेर गेलं आहे, कोण चकलीचा डबा उघडतो आहे, हे आम्हाला फक्त आवाजावरून ताडावं लागतं.

नव्या गाण्यांनी दिलासा मिळेल म्हणावं, तर तिथेही तोच हिशेब उलटा झाला आहे. आजच्या पुष्कळ गाण्यांना चारच कॉर्ड पुरतात. षड्जावरची, पंचमावरची, धैवतावरची मायनर आणि मध्यमावरची, आणि पुन्हा तेच चक्र. हातांना आराम. पण चाल पुरुषाच्या गळ्याच्या वरच्या टोकाला बांधलेली असते, आणि शेवटी ती आणखी एक मजला चढते. जुन्यात गळा सुखी आणि हात हैराण, नव्यात हात सुखी आणि गळा हैराण. दोघंही एकाच वेळी सुखी असतील अशी गाणी निवडून काढायची तर रात्र रात्र बसावं लागतं. ती यादी करून ठेवली की कोणी तरी ब्लूटूथचा स्पीकर बाहेर काढतो आणि म्हणतो, "ट्रॅकवर म्हण ना, सगळी वाद्यं असतात त्यात."

इथे मला थांबून गंभीरपणे बोलायचं आहे. ट्रॅकमध्ये सगळी वाद्यं असतात, पण ट्रॅक थांबत नाही. एखाद्या शब्दावर गाणाऱ्याला क्षणभर रेंगाळावंसं वाटलं, तर ट्रॅक पुढे निघून जातो. माझा डावा हात माझ्याबरोबर रेंगाळतो. ओळ संपताना श्वास कमी पडला, तर हात दोन मात्रा भरून काढतो. एखाद्या रात्री तीच ओळ जास्त लागली आणि ती पुन्हा म्हणावीशी वाटली, तर कुणाची परवानगी लागत नाही. सुधीर फडके पेटी स्वतः वाजवत 'गीतरामायण' गायचे. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या त्या मालिकेत 56 गाणी होती, आणि पुढे गावोगाव फडके यांच्या बैठकी झाल्या. त्या बैठकीत साथ आणि गळा वेगळे करता येत नसत, कारण शब्द जिथे जायचा तिथेच पेटी जायची. ज्यानं ते ऐकलं आहे त्याला माझं म्हणणं कळेल. गळा आणि हात एकाच माणसाचे असले, की गाण्याचं काय होतं, ते दुसऱ्या कशानं होत नाही. एवढ्यासाठी मी अजून पियानोवर बसतो, आणि एवढ्यासाठीच गाणं निवडण्याचा हक्क मला हवा आहे.

सबब, मागण्या पुढीलप्रमाणे. पट्टी गाणाऱ्यानं ठरवावी आणि तीवर हरकत घेता येणार नाही. ट्रान्स्पोजचं बटण हा वादकाचा हक्क मानावा. ज्या गाण्याचा जीव पूर्ण वाद्यवृंदात आहे, ते एका माणसाकडे मागू नये. खोलीतल्या एकानं तरी पान उलटायला उठावं. आणि फर्माइश करणाऱ्याला त्या गाण्याचं दुसरं कडवं तोंडपाठ असलं पाहिजे, नुसता मुखडा चालणार नाही. मुखडा मी म्हणेन. दुसऱ्या कडव्याला ज्यानं मागणी केली त्यानं पियानोशेजारी येऊन उभं राहावं आणि तोंड उघडावं. कुठल्या पट्टीत, एवढं फक्त आधी सांगावं.